बुधवारी न निघालेला 'केसरी' : ग्रंथालयात बसून वृत्तपत्रांचं संशोधन कसं करावं

माझ्या एम.ए.च्या प्रबंधिकेत एक तळटीप होती : 'केसरी, २३ जून १८९७'. मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलीने तिच्याभोवती गोल केला आणि विचारलं, "वार कोणता?" मी गप्प. शोधलं तर बुधवार निघाला. 'केसरी' तेव्हा साप्ताहिक होता आणि दर मंगळवारी निघायचा. बुधवारचा अंक येणार कुठून? ती तारीख मी एका छापील पुस्तकातून उचलली होती, त्या लेखकाने बहुधा आणखी कुणाकडून. मूळ अंक आमच्यापैकी एकानेही उघडला नव्हता.

त्यानंतर बरीच वर्षं जुन्या फायलींमध्ये गेली. पत्रकारितेचे विद्यार्थी आता माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची अडचण सहसा 'साहित्य मिळत नाही' ही नसते. साहित्य ढीगभर मिळतं. त्यातलं कोणतं कशाच्या कामाचं, हे कळत नाही. म्हणून इथे एकच प्रकरण हातात घेऊन सगळी वाट दाखवतो : १८९७ च्या पुण्यातला प्लेग आणि त्याबद्दल वृत्तपत्रांनी केलेलं लेखन. तुमचा विषय दुसरा असला तरी चालायचा रस्ता साधारण हाच.

आधी प्रश्न बारीक करा

'प्लेग आणि मराठी वृत्तपत्रे' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. हे शीर्षक घेऊन ग्रंथालयात गेलात तर ग्रंथपाल चार जाडजूड पुस्तकं काढून देतील आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत त्यातच अडकाल. प्रश्न असा हवा की अंक उघडल्यावर त्याचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा एखाद्या आकड्यात देता यावं. उदाहरणार्थ : मार्च ते जुलै १८९७ या काळात घरझडतीबद्दलच्या तक्रारी कोणत्या पत्रांनी छापल्या, आणि त्यात तक्रारदाराचं नाव होतं का?

या एका वाक्यात काळ आहे, जागा आहे, मजकुराचा प्रकार आहे आणि मोजायची गोष्टही आहे. प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर रँड याच्या हाताखाली सैनिकांनी पुण्यात घरं तपासायला सुरुवात केली ती मार्चमध्ये. २२ जूनच्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून गणेशखिंडीतून परतताना, रँड आणि लष्करी अधिकारी लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. म्हणजे पाचेक महिन्यांच्या फायली. साप्ताहिक असेल तर वीस-बावीस अंक, चार दिवसांत नीट वाचून होतात.

त्या काळी कोणती पत्रं निघत होती?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट 'केसरी' मागतात. 'केसरी' महत्त्वाचा आहेच. पण १८९७ मध्ये पुण्यातून १८४९ पासूनचं 'ज्ञानप्रकाश' निघत होतं, आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेला 'सुधारक' त्यांच्या पश्चात चालू होता, 'केसरी'चं इंग्रजी भावंड 'मराठा' होतं. मुंबईत १८६२ पासूनचं 'इंदुप्रकाश' होतं. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेलं आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालवलेलं 'दीनबंधु' होतं. एकाच पत्राच्या डोळ्यांनी पाहिलेला प्लेग हा त्या पत्राचा प्लेग असतो, पुण्याचा नव्हे.

यादी करायला सर्वांत उपयोगी पडते ती शंकर गणेश दाते आणि सहकाऱ्यांनी केलेली मराठी नियतकालिकांची सूची. ती १८०० ते १९५० हा काळ घेते. दात्यांचं नाव मराठी ग्रंथसूचीमुळे सगळ्यांना ठाऊक असतं, नियतकालिकांच्या सूचीकडे मात्र फार कमी जण वळतात. संदर्भ विभागात बसून ती आधी चाळा आणि आपल्या काळातल्या, आपल्या गावातल्या पत्रांची नावं वहीत उतरवून घ्या. अर्धा दिवस जाईल. जाऊ द्या.

कुठे मिळेल?

पुण्यात सुरुवात केसरीवाड्यातल्या ग्रंथालयापासून करता येते. तिथे 'केसरी' आणि 'मराठा' सापडणारच, पण हा संग्रह पत्राच्या मालकीच्या संस्थेने जपलेला आहे हेही मनात असू द्या. भारत इतिहास संशोधक मंडळ, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, गोखले संस्थेचं ग्रंथालय आणि १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर यांच्याकडे चौकशी करायची. मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादरचा संदर्भ विभाग आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, त्यालाही विसरू नका. गोव्यातल्या पत्रांवर काम असेल तर पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय. तिथे पोर्तुगीज वाचणारं कुणी सोबत असेल तर दुप्पट काम होतं.

सरकारी कागद हवे असतील तर मुंबईचं पुराभिलेखागार, काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. वृत्तपत्रांवर नजर ठेवणारे, खटल्यांचे, पत्रव्यवहाराचे कागद तिथे न्याय खात्याच्या खंडांमध्ये शोधावे लागतात. 'वृत्तपत्रे' असं लेबल लावून कुणी ठेवलेले नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या काळावर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सोय आहे. १९५४ च्या कायद्याने देशातल्या चार ग्रंथालयांकडे प्रत्येक प्रकाशनाची प्रत पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक केलं आणि १९५६ पासून त्यात वृत्तपत्रंही आली. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय ही ती चार. कायद्यात असलेली प्रत्येक प्रत कपाटात असेल असं समजू नका, पण विचारण्याची पहिली जागा हीच.

चित्रपटाविषयी काम असेल तर पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पर्याय नाही. १९६४ पासून तिथे फिल्मच नव्हे, तर गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टर, कात्रणं आणि जुनी सिनेमासिकंही जमवली गेली आहेत.

तालिकेत (कॅटलॉगमध्ये) शोधताना

माध्यमांवरची पुस्तकं एका कपाटात कधीच नसतात. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात पत्रकारिता ०७० मध्ये, भारतातल्या वृत्तपत्रांचा इतिहास ०७९ मध्ये, माध्यमं आणि समाज ३०२.२३ मध्ये, रेडिओ ३८४.५४ मध्ये, तर चित्रपट ७९१.४३ आणि दूरचित्रवाणी ७९१.४५ मध्ये जाते. संपादकांची चरित्रं चरित्रांत, प्लेग आरोग्यात. एक क्रमांक पाहून परत फिरलात तर निम्म्याहून जास्त साहित्य हातचं गेलं.

संगणकावरच्या तालिकेत मराठी नाव टाकताना हमखास ठेच लागते. 'मूकनायक' आणि 'मुकनायक', 'दीनबंधु' आणि 'दीनबंधू', 'ज्ञानप्रकाश' आणि रोमन लिपीतली त्याची तीन-चार रूपं. नोंद करणाऱ्याने त्या दिवशी जे लिहिलं ते लिहिलं. सगळी रूपं टाकून पाहा. आणि मग ग्रंथपालांकडे जा. बऱ्याच जुन्या फायली संगणकावर आलेल्याच नाहीत, त्या दाखल नोंदवहीत आहेत किंवा नियतकालिक विभाग सांभाळणाऱ्या काकांच्या डोक्यात. त्या काकांना "प्लेगवर काही आहे का?" असं विचारू नका. "१८९७ च्या 'ज्ञानप्रकाश'ची फाइल आहे का, नसेल तर आधीचं-नंतरचं कोणतं वर्ष आहे?" असं विचारा. ते लगेच उठतात.

जाण्याआधी फोन करा. संस्थेचं पत्र, ओळखपत्र आणि दोन फोटो लागतात का, छायाचित्रं काढायला परवानगी आहे का, त्याचं शुल्क किती, फायली बांधणीला तर गेलेल्या नाहीत ना, एवढं विचारून घ्या. मी एकदा रात्रभर बसचा प्रवास करून एका शहरात पोहोचलो आणि दारावर पाटी : वार्षिक मोजदादीसाठी आठवडाभर बंद. ग्रंथालयाचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती.

फाइल समोर आल्यावर

शंभर वर्षांपूर्वीचा वृत्तपत्री कागद पापडासारखा असतो. पान कोपऱ्यात धरून उलटलं की कोपरा हातात येतो. दोन्ही तळवे पानाखाली सरकवून उलटा. थुंकी लावून तर अजिबात नको. पेन आत नेऊ नका, पेन्सिल न्या. काही ठिकाणी अंक सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) दिले जातात. त्या यंत्रावर दोन तासांपेक्षा जास्त बसलात तर संध्याकाळी डोकं धरून बसावं लागेल.

आधी मथळा वाचा. वर्ष, अंक, वार, तारीख आणि बऱ्याच जुन्या पत्रांत शकही. शकाचा हिशेब सोपा आहे : गुढीपाडव्यानंतरच्या तारखेला इसवी सनातून ७८ वजा करायचे, पाडव्याआधीच्या तारखेला ७९. १८९७ साली पाडवा एप्रिलच्या सुरुवातीला आला. म्हणून मार्चमधल्या घरझडत्यांचे अंक शके १८१८ चे आणि जूनमधले शके १८१९ चे. एका फायलीवर दोन शक दिसले म्हणून बांधणी चुकली असं समजू नका. १८३२ च्या ६ जानेवारीला निघालेल्या 'दर्पण'चा शक याच हिशेबाने १७५३ येतो.

मग वाराची परीक्षा. 'केसरी'च्या बाबतीत ती फार उपयोगी पडते. पहिला अंक ४ जानेवारी १८८१, मंगळवार. 'शिवाजीचे उद्गार' १५ जून १८९७, मंगळवार. 'देशाचे दुर्दैव' १२ मे १९०८, मंगळवार. आता गंमत पाहा, रँडवर गोळ्या झाडल्या तो २२ जूनही मंगळवारच होता. पण घटना रात्रीची. त्या तारखेच्या अंकात तिची बातमी शोधणं फुकट आहे; पुढचा अंक २९ जूनचा. माझी 'बुधवारची' तळटीप जिथून आली तिथे बहुधा कुणीतरी 'घटनेच्या दुसऱ्या दिवशी' एवढाच अंदाज बांधला होता.

नोंद घेताना पत्राचं नाव, तारीख, पृष्ठ, स्तंभ, मजकुराचा प्रकार, म्हणजे अग्रलेख, स्फुट (छोटं संपादकीय टिपण), बातमी, वाचकाचं पत्र की जाहिरात, फायलीचा दाखलांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला क्रमांक) आणि ग्रंथालयाचं नाव लिहाच. छायाचित्र काढत असाल तर प्रत्येक अंकाचा मथळा आधी टिपा, मग आतली पानं. एकदा मी मोबाइलवर दीडशेच्या आसपास फोटो काढून घरी आलो. पानांचे तुकडे सगळे स्पष्ट, कोणतं कोणत्या तारखेचं ते एकाचंही सांगता येईना. परत जावं लागलं.

'स्फुट' आणि 'वाचकांचे पत्र' यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. अग्रलेखात पत्राची भूमिका असते, पण घरझडतीची तक्रार आतल्या पानावर, बारीक टायपात, कुणा 'एक पुणेकर' किंवा 'सत्यवक्ता' अशा टोपणनावाखाली लपलेली असू शकते. आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आता पारख

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात मोठ्या चुका इथेच होतात.

ब्रिटिश सरकार देशी पत्रांचा साप्ताहिक गोषवारा इंग्रजीत तयार करून घेई. त्याला 'नेटिव्ह न्यूजपेपर रिपोर्ट' म्हणतात. मुंबई इलाख्याचे अहवाल पुराभिलेखागारात आहेत. लंडनमध्ये असलेल्या मराठी अभ्यासकांना ते ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांमध्ये एल/आर/५ या क्रमांकाखाली मिळतील. विद्यार्थ्यांना ते फार आवडतात. इंग्रजीत आहेत, स्वच्छ छापलेले आहेत, एका खंडात वीस पत्रं भेटतात. शिवाय त्यातल्या याद्यांमध्ये पत्राचं गाव, संपादकाची जात-वय आणि खपाचा अंदाजही येतो. मूळ फाइल नष्ट झालेल्या पत्राबद्दल कधीकधी एवढाच कागद शिल्लक असतो.

पण हे वृत्तपत्र नव्हे. सरकारी भाषांतरकाराला सरकारसाठी जे महत्त्वाचं वाटलं त्याचं हे भाषांतर आहे. बाजारभाव, कीर्तनाची जाहिरात, पुस्तक परीक्षण त्यात येणार नाही. सरकारविरोधी वाक्य मात्र नक्की येईल. त्यामुळे केवळ अहवाल वाचणाऱ्याला सगळी मराठी पत्रं दिवसरात्र राजद्रोहच करत होती असं वाटू लागतं. भाषांतराचाही प्रश्न आहेच. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणीही स्वतःच घेतली. मराठी शब्दाला इंग्रजीत कोणता शब्द दिला यावर शिक्षा अवलंबून असू शकते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून अहवालाचा उपयोग वाट दाखवायला करा : कोणत्या तारखेच्या कोणत्या पत्रात काय आहे ते तिथून कळतं. उतारा मात्र मूळ अंकातूनच द्या. मूळ अंक नसेल तर 'सरकारी भाषांतरावरून' असं स्पष्ट लिहा.

दुसरी कसोटी : लिहिणाऱ्याला हे कसं कळलं? गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधाराने त्यांनी सैनिकांच्या वागणुकीबद्दलचे गंभीर आरोप 'मँचेस्टर गार्डियन'मधून मांडले. परत आल्यावर ते सिद्ध करता आले नाहीत आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. हे वाचून विद्यार्थी दोन टोकांना जातात; एक म्हणतो आरोप खोटे होते, दुसरा म्हणतो माफी दबावाखाली होती म्हणून आरोप खरेच. कागद एवढंच सांगतो की गोखल्यांनी स्वतः काही पाहिलेलं नव्हतं आणि ज्यांनी कळवलं त्यांच्या बळावर आरोप टिकवता आला नाही. म्हणूनच आपल्या प्रश्नात 'तक्रारदाराचं नाव होतं का' हा तुकडा घातला. नाव-गल्लीसह छापलेली तक्रार, टोपणनावाने छापलेली तक्रार आणि 'असे ऐकिवात आहे' हे तीन वेगळे पुरावे आहेत. तक्त्यात त्यांना तीन रकाने द्या.

तिसरी : नाव नसलेलं लेखन. 'केसरी'च्या अग्रलेखाखाली लेखकाचं नाव नसे. टिळक संपादक होते म्हणून प्रत्येक ओळ टिळकांची ठरवणं सोपं असतं आणि धोक्याचं. संग्रहात एखादा लेख टिळकांच्या नावावर छापला असेल तर 'संग्रहकाराच्या मते' असं म्हणा.

पुनर्मुद्रणाबद्दलही तेच. आंबेडकरांचे 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७ ते १९२९) महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये एकत्र प्रकाशित केले, त्यामुळे कितीतरी जणांना ते घरबसल्या वाचता आले. पण माध्यमांच्या अभ्यासात पानाची मांडणी, जाहिराती, वर्गणीचा दर, मुद्रणालयाचं नाव हाही पुरावा असतो. कोणतंही पुनर्मुद्रण हातात आलं की यातलं काय राखलंय आणि काय गळलंय ते प्रस्तावनेत पाहा.

आणि मौन. १९१० च्या प्रेस कायद्यानंतर पत्रांकडून जामीन मागितला जाई आणि तो जप्तही होई. त्या काळातल्या एखाद्या पत्राने एखाद्या घटनेवर काही लिहिलं नाही म्हणून त्याला ती महत्त्वाची वाटली नाही असं म्हणता येत नाही. आधी त्या पत्रावर कोणती कारवाई चालू होती ते तपासा.

पडद्यावरचं ग्रंथालय

'शोधगंगा' या विद्यापीठीय प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंध जरूर उघडा, पण निष्कर्षाकडे न जाता आधी संदर्भसूचीकडे जा. कोणत्या ग्रंथालयात कोणती फाइल पाहिली ते तिथून कळतं. एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथसंजीवनी' या संकेतस्थळावर दुर्मीळ ग्रंथ ठेवले आहेत. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक शब्दशोधासह काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून पाहता येतात. पण हीच सोय दिशाभूल करते. इंग्रजी पत्रात शोध लागतो, मराठीत लागत नाही, आणि बघता बघता पुण्याच्या प्लेगवरचा प्रबंध मुंबईच्या इंग्रजी पत्रावर उभा राहतो.

मराठी स्कॅनमध्ये शब्द शोधायचाच असेल तर जुनं शुद्धलेखन आठवा. १९६२ च्या नियमांआधी अनुच्चारित अनुस्वार सर्रास असत : 'नांव', 'कांहीं', 'पुणें', 'घरांतून'. 'प्लेग'च्या जोडीला 'ग्रंथिक सन्निपात' हाही शब्द टाकून पाहा. शोधात काही आलं नाही याचा अर्थ अंकात काही नाही असा होत नाही.

आजच्या माध्यमांवर काम करणाऱ्यांना

खपाचा आकडा कुठून आला ते पाहिल्याशिवाय वापरू नका. वृत्तपत्रांची सरकारी नोंदणी करणाऱ्या निबंधकांकडचे आकडे प्रकाशकाने स्वतः भरलेल्या वार्षिक विवरणपत्रावरून येतात. १९४८ पासूनच्या ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचे आकडे तपासलेले असतात, पण तिथे फक्त सभासद पत्रं असतात. इंडियन रीडरशिप सर्व्हे खप मोजतच नाही, वाचक मोजतो. एक अंक घरातले पाच जण वाचतात. हे तीन आकडे एका रकान्यात मांडलेले मी छापील पुस्तकांतही पाहिले आहेत. तसंच 'लोकसत्ता' किंवा 'सकाळ' एवढंच लिहून भागत नाही, आवृत्ती लिहा. पुणे आणि नाशिकच्या पहिल्या पानावर तीच बातमी असेलच असं नाही.

तक्ता भरताना

शेवटी सगळं एका तक्त्यात येतं : आडवी पत्रं, उभ्या तारखा. त्यात मी तीन अक्षरं वापरतो. अंक पाहिला आणि तक्रार सापडली तर 'आ'. अंक पूर्ण वाचला आणि तक्रार नाही तर 'ना'. अंकच फायलीत नाही, फाटलाय किंवा वाळवीने खाल्लाय तर 'गा', म्हणजे गायब. 'ना' आणि 'गा' एकत्र केलेत तर पूर्ण वाचलेल्या अंकातली शांतता आणि वाळवीने खाल्लेलं पान यांत फरक उरत नाही. 'गा' जास्त झाले की दुसऱ्या ग्रंथालयाला फोन करायचा, आणि मोजदाद तर चालू नाही ना, हे आधी विचारायचं.